उपनगरी मुख्य रस्त्याला दुभाजक निवडताना: आधी वळणे, मग रुंदी, झाडे शेवटी

रस्ता चौपदरी होणार अशी बातमी आली की ग्रामसभेत पहिली चर्चा होते ती डिव्हायडरमध्ये कोणती झाडे लावायची याची. खरे तर तो सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. दुभाजक म्हणजे कोणाला कुठे उजवीकडे वळता येणार नाही, याचा सिमेंटमध्ये ओतलेला निर्णय. तो निर्णय आधी कागदावर नीट झाला नाही, तर लोक पुढे कुदळीने तो स्वतःच दुरुस्त करतात. तुटलेला कर्ब (दुभाजकाच्या किंवा रस्त्याच्या काठाची सिमेंटची उंच कड), त्यातून पडलेली पायवाट आणि उलट्या दिशेने येणाऱ्या स्कूटर दिसल्या की समजावे, तिथे नियोजन चुकले आहे.

गोव्यातली पर्वरी, ताळगाव, मेरशी, फातोर्डा, नावेली, कुर्टी ही सगळी गावठाणाच्या रस्त्याची बघता बघता शहरी रस्ता झालेली ठिकाणे. इथला मुख्य रस्ता दोन कामे एकदम करतो. लांब जाणारी गाडी त्याच्यावरून वेगाने जाते आणि शेजारच्या सोसायटीतली, बेकरीतली, शाळेतली गाडी त्याच रस्त्यावर आडवी येते. खाली दिलेला क्रम अशा रस्त्यांसाठी आहे.

आधी ठरवा: दुभाजक हवा तरी का?

टेप घेऊन डांबराची रुंदी मोजा. दुभाजक घातल्यावर प्रत्येक बाजूला कर्बपासून कर्बपर्यंत किमान ६.५ ते ७ मीटर मोकळे राहत नसतील तर उभा दुभाजक घालू नका. दहा मीटरच्या रस्त्यात मध्ये अर्ध्या मीटरचे ब्लॉक बसवले की दोन्ही बाजूंना पावणेपाच मीटर उरतात. त्यात एक बस बंद पडली की मागची १०८ रुग्णवाहिका तिथेच अडकते. अशा रस्त्याला मधली सलग रेघ, तिठ्यावर रंगवलेले बेट आणि झेब्रावर वेग कमी करणारा उंचवटा एवढे पुरते. पंचायतीकडून सगळ्यात जास्त मागणी मात्र नेमकी अशाच रस्त्यांवर डिव्हायडर घालण्याची येते, कारण अपघात तिथे झालेला असतो. बहुतेक वेळा त्या अपघाताचे कारण वेग किंवा वळणावरची झाडी असते. मध्ये ब्लॉक टाकून त्यातले काहीच बदलत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या क्षमतेच्या हिशेबात मुख्य मार्गावरचा दुभाजक नसलेला चौपदरी रस्ता तासाला ३००० कार-एकके (सगळी वाहने मोटारीच्या हिशेबात मोजून) नेतो, दुभाजक असलेला ३६००. हा फायदा खरा आहे, पण तो वळणाऱ्या गाडीमुळे मागची रांग अडत नसेल तरच मिळतो.

वळणे मोजा

ज्या तुकड्यावर दुभाजक होणार तिथला प्रत्येक तिठा, गल्ली, पेट्रोल पंप, शाळेचे फाटक आणि दहापेक्षा जास्त फ्लॅटच्या इमारतीचे तोंड नकाशावर मांडा. तेवढ्यावर थांबू नका. रस्त्याच्या काठाला असलेला खुरीस (क्रूस), घुमटी (छोटे देऊळ), जुना वड, पंचायतीची विहीर हेही मांडा. त्यांना हात लावायचा नाही असे गावाने ठरवलेले असते आणि ते योग्यच आहे. पण मग रस्ता तिथे आत सरकतो आणि ते चार फूट शेवटी दुभाजकातून कापले जातात. हे आधी दिसले तर दुभाजकाची रुंदी त्या ठिकाणी कमी करून पुढे मागे नीट निमुळती करता येते. कंत्राटदार कामावर असताना दिसले तर कर्ब चक्क कोनात मोडतो.

मग मोजणी. सकाळी ७.३० ते १०.३०, दुपारी शाळा सुटताना आणि संध्याकाळी ५ ते ८, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यात. दुचाकी, मोटार, रिक्षा, बस, ट्रक वेगळे लिहा. उजवीकडे वळणारे, यू-टर्न घेणारे आणि पायी ओलांडणारे यांचे रकाने स्वतंत्र हवेत. गोव्यात एका दिवसाची मोजणी फसवते. शाळा चालू असलेला कामाचा एक दिवस, डिसेंबरातला पर्यटकांचा एक शनिवार, आणि म्हापशाच्या बाजूचा रस्ता असेल तर बाजाराचा शुक्रवार, इतके तरी घ्या. भाड्याच्या गाडीतला पाहुणा मोबाइलवरच्या नकाशाप्रमाणे चालतो आणि चुकला की मिळेल त्या फटीतून वळतो. तो जूनमध्ये मोजणीत सापडत नाही.

रुंदीचा हिशेब

रुंदी ठरवताना त्या दुभाजकात कोण थांबणार आहे हा प्रश्न विचारा. पायी माणसासाठी १.२ मीटर ही अगदी किमान रुंदी. सायकल घेतलेल्या किंवा मुलाची गाडी ढकलणाऱ्या माणसाला २ मीटर लागतात. वळणाऱ्या गाडीसाठी वेगळी मार्गिका काढायची तर ती ३ मीटर आणि तिच्या पलीकडे उरणारा दुभाजक १.२ मीटर, म्हणजे ४.२ मीटर. बाजूच्या गल्लीतून येणारी मोटार अर्धा रस्ता ओलांडून मध्ये आडवी सुरक्षित थांबायला हवी असेल तर ६ मीटर. बससाठी १२च्या वर.

आता १.२ मीटरच्या दुभाजकाच्या फटीत वळायला थांबलेली स्कूटर पाहा. तिची लांबी १.८ मीटरच्या आसपास. पुढचे चाक समोरच्या वेगवान मार्गिकेत, मागची नंबरप्लेट मागच्या वेगवान मार्गिकेत, दोन्हीकडे वीतभर बाहेर. चालवणारा मान डावीकडे वळवून समोरची वाहतूक बघत असतो. त्याच्या मागच्या चाकाला घासून जाणारी बस त्याला दिसतच नाही. अरुंद दुभाजकाला जास्त फटी ठेवल्या की असे सापळे वाढतात. म्हणून दुभाजक जितका अरुंद, फटी तितक्या कमी.

२५ मीटर जागा असेल तर प्रत्येक बाजूला २ मीटर पदपथ (खाली झाकलेले गटार), १.५ मीटर पक्की बाजूपट्टी आणि ७ मीटर रस्ता धरा. दोन्ही बाजू मिळून २१ झाले, ४ मीटर उरले. थोडी काटछाट केली की वळण-मार्गिका बसते. जागा २० मीटर असेल तर पदपथ १.८, रस्ता ७ आणि कर्बाजवळचे अंतर पाव मीटर धरून दोन्ही बाजूंचे १८.१ होतात. उरले १.९. यात माणूस थांबेल, मोटार थांबणार नाही. अशा रस्त्यावर मधल्या गल्ल्यांना उजवे वळण बंद करावे लागते आणि ठरावीक एक-दोन चौकांत बाजूची जागा घेऊन रस्ता फुगवावा लागतो. भूसंपादन करायचेच असेल तर पूर्ण लांबीभर अर्धा मीटर घेण्यापेक्षा चौकाजवळचे ७० मीटर घ्या.

ते ७० मीटर असे येतात. गर्दीच्या तासाला १२० गाड्या उजवीकडे वळतात, सिग्नलचे चक्र ९० सेकंदांचे. तासात ४० चक्रे, म्हणजे चक्राला सरासरी ३ गाड्या. गाड्या सारख्या अंतराने येत नाहीत, म्हणून दुप्पट धरा, ६. प्रत्येकीला ६ मीटर, झाले ३६. त्यात शिरायला निमुळता भाग ३० मीटर. पाच-सात मीटर कमी पडले की शेवटची गाडी सरळ जाणाऱ्यांच्या मार्गिकेत उभी राहते आणि रस्त्याची क्षमता तिथेच निम्मी होते.

ओपनिंग आणि यू-टर्न

ओपनिंग म्हणजे वळण्यासाठी दुभाजकात ठेवलेली फट. उपनगरी भागात दोन ओपनिंगमध्ये ५०० मीटरच्या आसपास अंतर धरा. मधोमध असलेल्या गल्लीतल्या माणसाला उजवीकडे जायला २५० मीटर पुढे आणि २५० मीटर मागे, म्हणजे अर्धा किलोमीटर जादा पडतो. तो कुरकुरतो, पण जातो. ओपनिंग एक किलोमीटरवर ठेवले की वाईट जागी असलेल्या गल्लीला दोन किलोमीटरच्या जवळपास फेरा पडतो, आणि मग दुचाकी उलट्या बाजूने येऊ लागतात. दंडाच्या पावत्या फाडून ते थांबत नाही. उलट अंतर २०० मीटरवर आणले तर प्रत्येक ओपनिंगची रांग पुढच्यापर्यंत पोहोचते.

गल्लीसमोर ओपनिंग देण्यापेक्षा गल्ली ओलांडल्यावर ८० ते १०० मीटर पुढे यू-टर्न देणे बहुधा बरे. गल्लीतून बाहेर पडणारा आधी डावीकडे वळतो, उजव्या मार्गिकेत सरकतो, मग वळतो. एका वेळी एकाच दिशेची वाहतूक त्याला बघावी लागते.

यू-टर्नची जागा मोजल्याशिवाय देऊ नका. छोट्या मोटारीला वळायला साधारण १० मीटर लागतात, मोठ्या एसयूव्हीला ११ ते १२. दुभाजकालगत उभ्या मोटारीची डावी कड कर्बापासून २.३ मीटरवर असते. त्यात दुभाजकाचे १.२ आणि समोरचा ७ मीटर रस्ता मिळवा. साडेदहा. छोटी गाडी एका दमात वळेल, एसयूव्ही समोरच्या वाहतुकीत रिव्हर्स घेईल. दुभाजक ४ मीटरचा असेल तर दोन्ही वळतात. मोठ्या बसला २२ ते २४ मीटर लागतात. ती अशा रस्त्यावर वळूच शकत नाही, आणि खासगी मिनीबससुद्धा अडखळते. बसचा शेवटचा थांबा जवळ असेल तर समोरच्या काठाला पक्का खिसा काढा किंवा बसला गल्लीतून फेरा द्या. हे विसरले की बसचे मागचे चाक समोरच्या गटाराची झाकणे फोडते.

ओपनिंगची लांबी जुळणाऱ्या रस्त्याच्या रुंदीपेक्षा अडीच-तीन मीटर जास्त, सर्वसाधारणपणे १२ मीटर. ‘ट्रकला सोयीचे’ म्हणून २५ मीटर ठेवले की तिथे तीन गाड्या शेजारी शेजारी वळतात आणि कोण आधी हे कोणालाच कळत नाही.

पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा इथल्या शिगमो-कार्निव्हलच्या मिरवणूक मार्गावर आणखी एक गोष्ट लागते. चित्ररथ वळवायला आणि अग्निशमनच्या बंबासाठी ६ ते ८ मीटरचा काढता-घालता येणारा तुकडा ठेवा. जमिनीत बसवलेल्या नळीतले खांब, कुलूप लावलेले, किल्ली पोलीस ठाण्यात आणि अग्निशमन केंद्रात. नाहीतर दरवर्षी कर्ब फोडून पुन्हा बांधायचा खर्च होतो.

प्रकार निवडणे

वेग ५० च्या आत, आजूबाजूला दुकाने, लोक सतत ओलांडतात: १५ सेंटीमीटर उंच कर्बाचा १.५ ते २ मीटर रुंद दुभाजक. हा उपनगरातला नेहमीचा पर्याय आणि बहुतेक ठिकाणी योग्यही.

वेग ७०-८०, वस्ती एकाच बाजूला, जागा कमी: सिमेंटचा सलग अडथळा, म्हणजे ज्याला न्यू जर्सी म्हणतात तो, सुमारे ८० सेंटीमीटर उंच. तो समोरासमोरची धडक खरोखर थांबवतो, पण माणूस, पाणी आणि नजर तिन्ही अडवतो. खाजनातल्या (खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीतल्या) भरावावर हे जड ठोकळे सारखे बसत नाहीत. दोन-तीन पावसाळ्यांत सांधे उघडतात आणि एक ठोकळा दुसऱ्यापेक्षा पुढे येतो. तसे पुढे आलेले टोक मोटारीला घासू न देता अडकवते. अशा भरावावर भराव बसेपर्यंत हलका, बदलता येणारा अडथळा वापरा.

प्लॅस्टिकचे स्प्रिंग-पोस्ट, म्हणजे धक्का लागला की वाकून परत उभे राहणारे खांब, स्वस्त. चाचणीसाठी उत्तम, कायमचे म्हणून वाईट. मध्येच चार-पाच गळाले की ती फट झाली. नुसता रंगवलेला दुभाजक पावसाळी रात्री पाण्याच्या थराखाली नाहीसा होतो. दोन्ही बाजूंना सामाईक अशी मधली वळण-मार्गिका परदेशात चालते, इथे ती ओव्हरटेकची मार्गिका होईल. तिचा विचार सोडा.

पाणी

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. सरळ रस्त्यावर २.५ टक्के उतार बाहेरच्या बाजूला असतो आणि पाणी गटारात जाते. वळणावर मात्र रस्ता एका बाजूला कलता, त्यामुळे बाहेरच्या अर्ध्या रस्त्याचे सगळे पाणी दुभाजकाकडे येते आणि कर्ब बांधाचे काम करतो. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर १०० मीटर लांब, ७ मीटर रुंद रस्त्यावर ३५,००० लिटर पाणी पडते. ते वेगवान मार्गिकेत साचते.

कर्बात भोके पाडून ते पलीकडच्या रस्त्यावर सोडणे हा नेहमीचा उपाय, आणि तो चुकीचा. पलीकडे ते पाणी आडवे पसरून वाहते आणि तिथे चाके घसरतात. वळणभर दुभाजकाच्या कडेने १५ ते २० मीटरवर जाळीचे चेंबर द्या आणि रस्त्याखालून ४५० मिलिमीटरचा पाइप बाहेरच्या गटारात न्या. ३०० चा पाइप पुरतो, पण पाल्याने तुंबला की साफ होत नाही. जाळीच्या पट्ट्या वाहतुकीला आडव्या हव्यात, उभ्या असल्या तर सायकलचे चाक आत जाते.

याच वेळी प्रत्येक १०० ते २०० मीटरवर केबल आणि पाण्यासाठी दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा आणि कर्बावर खूण करा. वीज, मलनिस्सारण, इंटरनेट यांपैकी कोणीतरी वर्षाच्या आत खोदायला येणारच.

पायी ओलांडणारा

झेब्राच्या जागी दुभाजक पूर्ण रुंदीने रस्त्याच्या पातळीला कापा, किमान ३ मीटर. पायरी ठेवू नका. झेब्राच्या पुढे दुभाजकाचे एक-दीड मीटरचे टोक राहू द्या, म्हणजे वळणारी गाडी थांबलेल्या माणसाच्या अंगावर येत नाही. जागा ३ मीटरच्या वर असेल तर दुसऱ्या अर्ध्याचा झेब्रा चालणाऱ्याच्या डावीकडे सरकवा. दुभाजकात तो डावीकडे चालतो आणि पुढची वाहतूक डावीकडूनच येत असल्याने ती त्याच्या समोर असते. उजवीकडे सरकवला तर तो येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून चालतो.

बसथांबे झेब्रा ओलांडल्यावर ठेवा. उतरलेला माणूस मग बसच्या मागून ओलांडतो. रेलिंग लावायचे तर उभ्या गजांचे लावा, आडव्या गजांची शिडी होते. पण दाट उभे गज तिरक्या नजरेला भिंतीसारखे दिसतात, त्यामागचे शाळकरी पोर ड्रायव्हरला दिसत नाही. ओपनिंगच्या आधीचे शेवटचे २० मीटर रेलिंग नको.

टोक, रंग आणि रात्र

दुभाजक वळणात, चढाच्या माथ्यावर किंवा पूल उतरल्या उतरल्या सुरू करू नका. पठारावर चढणाऱ्या रस्त्यांवर ही चूक नेहमी दिसते. सरळ भागात ३० ते ४५ मीटर रंगवलेल्या तिरप्या पट्ट्या, मग टोक. टोकावर काळे-पिवळे धोकादर्शक फलक आणि ‘डावीकडून जा’ची निळी गोल पाटी. दुभाजकाच्या कडेला पिवळे रोड-स्टड (रस्त्यात बसवलेल्या, दिव्यात चमकणाऱ्या गोट्या), बाहेरच्या काठाला लाल. ओल्या रात्री रंग दिसत नाही तेव्हा तेवढेच दिसतात.

कर्ब आणि मार्गिका यांत २५ ते ५० सेंटीमीटर अंतर ठेवा. ते नसले की चालक कर्बापासून आपोआप दूर राहतो आणि शेजारच्या दुचाकीला दाबतो. पुढच्या डांबरीकरणाचाही आजच विचार करा. प्रत्येक थर ४-५ सेंटीमीटर चढवतो. १५ चा कर्ब दोन थरांत ५-७ वर येतो आणि मोटार त्यावरून सहज चढते. जुना थर खरवडल्याशिवाय नवा घालायचा नाही ही अट निविदेत लिहून घ्या.

झाडे आणि गुरे

१.५ मीटरपेक्षा अरुंद दुभाजकात झुडपे लावू नका, तिथे फरशी बरी. झुडपांना ६० सेंटीमीटर खोल चांगली माती लागते. बांधकामाचा राडारोडा आणि चिऱ्यांचे तुकडे भरून वर तांबडी माती पसरली की फेब्रुवारीत सगळे वाळते. मातीची पातळी कर्बापेक्षा ५ ते ७ सेंटीमीटर खाली, मध्ये खोलगट. ढिगासारखी रचलेली माती जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर येते आणि त्या तांबड्या रेंद्यावर दुचाकी घसरतात.

समोरच्या दिव्याची झळ अडवायला १.२ ते १.५ मीटर उंची पुरते. ओपनिंगजवळ मात्र ६० सेंटीमीटरच्या वर काही नको, आणि तेही थांबायला लागणाऱ्या अंतरापर्यंत: ताशी ५० वेगाला ६० मीटर, ६० ला ८० मीटर. हाच नियम प्रायोजकांच्या जाहिरात-फलकांना लावा आणि करारात लिहा. मध्ये माड लावायची हौस आवरा, झावळी आणि नारळ दोन्ही खाली चालत्या गाडीवरच पडणार.

हिरवळ लावली की गुरे येतात. भटक्या गुरांना असा मोकळा, कुंपण नसलेला चारा दुसरीकडे कुठे मिळणार? कण्हेरीला ती तोंड लावत नाहीत, पण ती विषारी, म्हणून शाळेजवळ नको. बोगनवेल चालते, मात्र तिची काटेरी फांदी पावसाळ्यानंतर दुचाकीस्वाराच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणीचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरा. मार्च ते मे पाणी कसे देणार हेही. टँकर वेगवान मार्गिकेत उभा करून पाइपने पाणी घालणे धोक्याचे आहे. ठिबक नळी आधीच टाका, निदान टँकर पहाटे आणि मागे दिवे लावलेल्या गाडीसह.

बांधण्याआधी चाचणी, आणि कागद

पाण्याने भरायचे प्लॅस्टिक बॅरिअर मांडून नियोजित दुभाजक दोन-तीन आठवडे चालवून बघा, त्यात शाळेचे दिवस आणि शनिवार-रविवार दोन्ही यावेत. ओपनिंगच्या कोपऱ्यात रात्री चुना पसरा. सकाळी चाकांच्या खुणा दिसतात. बसचे मागचे चाक टोकाच्या किती आत येते ते मोजा आणि टोक तेवढे मागे घ्या. चाचणीत ज्या ठिकाणी बॅरिअर रोज सरकवलेला सापडतो, तिथे लोकांची वाट आहे. एक तर तिथे पायी जाण्याची फट द्या किंवा जवळ यू-टर्न.

मोजणी नोव्हेंबर-डिसेंबर, चाचणी जानेवारी, बांधकाम फेब्रुवारी ते मे. मेअखेर एकही उघडा खड्डा राहता कामा नये. थर्मोप्लास्टिक (गरम वितळवून मारायच्या रंगाचे) पट्टे कोरड्या रस्त्यावरच मारा, ओलसर रस्त्यावर मारलेले सोलून निघतात.

राज्याच्या रस्त्यासाठी सार्वजनिक बांधकाम खाते. राष्ट्रीय महामार्ग ६६, ५६६ किंवा ७४८ असेल तर नुसत्या पंचायतीच्या ठरावावर ओपनिंग मिळत नाही. ठरावाला मोजणीचे तक्ते आणि मोजमापाचा नकाशा जोडा, त्याशिवाय तो फाइलीतच राहतो. झाड काढायचे असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याकडून परवानगी. वळणबंदी किंवा ठरावीक वाहनांना बंदी करायची तर मोटार वाहन कायदा १९८८ खाली जिल्हाधिकाऱ्यांची अधिसूचना काढून घ्या, नाहीतर पाटी दिसते पण पोलिसाला दंड करता येत नाही. अधिसूचनेत ओपनिंगची जागा किलोमीटर दगडापासूनच्या मीटरमध्ये लिहा. ‘अमुक बारसमोर’ असे लिहिले आणि बारचे नाव बदलले की पुढचा वाद तिथून सुरू होतो.